दुसरा कंदील

मामा, तुमचा कंदील मी घेऊन आलेय. मामीला विचारून आणलाय, तेव्हा उगाच आरडाओरडा करू नका. काचेची एक बाजू काळी पडलीय ती तशीच ठेवलीय, कारण तुम्ही ती कधी कुणाला पुसू दिली नाहीत. आता तुमचा वरच्या मजल्यावर विश्वास नव्हता आणि खालच्यावरही, म्हणून तुम्ही नेमकं कुठं बसून हे ऐकताय ते मला ठाऊक नाही. पण ऐकताय, एवढं मी धरून चाललेय. तुम्हाला दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची सवय कधीच नव्हती, आज मात्र इलाज नाही.

तुम्ही गेल्यावर घरी भेटायला येणारा प्रत्येक जण तुमची माहिती सांगत होता. गावच्या सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी होते, असे होते, तसे होते. मी कोपऱ्यात बसून मनात म्हणत होते, अरे बाबांनो, हे मला कशाला सांगताय? मला ह्या माणसाशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय मामा. मागच्या सुट्टीत तुम्ही "पुढच्या टायमाला बघू" म्हणून चहाचा कप उचललात आणि विषय मोडलात. हा तुमचा जुना डाव. हरायला लागलात की चहा.

भांडण कंदिलाचंच.

मला पेव पहिल्यांदा तुम्हीच दाखवलंत. जमिनीत खणलेला खोल खड्डा, आतून सारवलेला, कडब्याचं अस्तर दिलेला, आणि तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच. त्यात सोसायटीची ज्वारी. बऱ्या वर्षात प्रत्येक सभासदानं आपल्या राशीतला वाटा आणून टाकायचा, वाईट वर्षात पेव उघडायचं. वर दगड आणि दगडावर माती. उघडताना तुम्ही कुणाला घाईनं उतरू द्यायचा नाहीत. बंद पेवातली हवा माणूस मारते, म्हणून आधी दोरीला बांधून हा कंदील खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं. विझला तर दगड बाजूला ठेवून निमूट घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं. तेव्हा मी विचारलं होतं, विझला कशानं ते कसं कळतं? तुम्ही म्हणालात, "ते इचारायचं न्हाय. इझला की उतरायचं न्हाय, बास."

मी रसायनशास्त्र शिकले ते बहुधा त्या 'बास'च्या रागानंच. तुम्ही मात्र गावभर सांगत सुटलात की भाचीला आपण शिकवलं. ते काही खोटं नव्हतं म्हणा. येरमाळ्याच्या फाट्यावर माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तुम्हीच उभे असायचात आणि एसटी आली की कंडक्टरला दम द्यायचात, पोरगी औरंगाबादला सायन्सला चाललीय, जागा दे. बिचाऱ्याला वाटायचं, सायन्स हा मोठा आजार असणार.

मग तो दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, ओढ्यात नुसते गोटे उरले, गावातली निम्मी माणसं खडी फोडायला सरकारी कामावर जाऊ लागली. मी तेव्हा औरंगाबादला प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. धान्यात, भाज्यांत फवारणीच्या औषधाचा अंश राहिलाय का ते तपासायचं काम. तुम्ही पेव उघडलंत, घरटी ज्वारी वाटलीत, आणि आठवडा उलटायच्या आत गयाबाईच्या घरात आक्रीत घडलं.

गयाबाई म्हणजे आपल्या गावच्या मेंढरंवाल्यांतली. मेंढरं चाऱ्यावाचून आधीच गेलेली, नवरा खडीवर, घरात सासू आणि लहानगी छबी. छबीनं सकाळी भाकरी खाल्ली आणि थोड्या वेळात तिचे हातपाय थरथरायला लागले, दातखीळ बसली. कळंबच्या दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणाले, पोटात औषध गेलंय, फवारणीचं. कशाच्या खाण्यातून? ज्वारीच्या. ज्वारी कुणी दिली? सेक्रेटरीनं.

पुढचं लोकांनी स्वतःच जोडलं. पिकावर धुरळायची पांढरी पावडर सोसायटीच्या खोलीत असायची, खोलीची किल्ली तुमच्या कमरेला, पेवाचा दगडही तुमच्याच हुकमाखाली. किडे लागू नयेत म्हणून सेक्रेटरीनं पावडर दाण्यात मिसळली, असं एकानं म्हटलं. दुसरे त्याहून वाईट बोलले. आपल्या घराबद्दल वाईट बोलायला गावाला शब्द शोधावे लागत नव्हते, ते आधीपासून तयारच होते. छप्पन साली आपण बौद्ध झालो आणि बाकीचं गाव होतं तिथंच राहिलं. सोसायटीचं धान्य आपल्या माणसाच्या हातून घ्यायचं हे कित्येकांना नाइलाजानं गिळावं लागत होतं. त्यांना आता कारण सापडलं.

मामीनं मला नंतर सांगितलं, गयाबाई पेवापाशी आली, सगळ्यांसमोर तुमच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "ह्या माणसानं माझ्या लेकराला औषध चारलं." तुम्ही पेवावर दगड ओढलात आणि त्यावर जाऊन बसलात. आणि मग तुमच्या त्या खर्जातल्या आवाजात म्हणालात:

"गयाबाई, दाणं तूच काढ. पिशव्या तूच बांध, आन तूच औरंगाबादला घिऊन जा. माझी भाची हाय तिथं कामाला. पण कुठली पिशवी कशातली, ते तिला बी सांगू नको."

ही तुमची खोड. जन्मभर लोकांनी तुमच्यावर शंका घेतली आणि तुम्ही शंकेला बसायला पाट दिलात.

तर गयाबाई दिरासोबत एसटीनं औरंगाबादला आली. तिच्याकडं दोन पिशव्या. एक पेवातल्या ज्वारीची, एक तिच्या घरातल्या पोत्यातल्या ज्वारीची. लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं मेंढराच्या लोकरीचे धागे बांधलेले, एकीला पांढरा, एकीला काळा. कोणता कशाचा हे फक्त तिला ठाऊक. ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की मी पिपेटमधला प्रत्येक थेंब दोनदा मोजला. दीर मात्र बाकावर पडल्या पडल्या घोरायला लागला.

मी साहेबांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, पहिल्या क्षणी सांगितलं की हे माझ्या मामांचं प्रकरण आहे. काम मी करीन, पण आकडा तुम्ही वाचायचा. साहेब भला माणूस, हो म्हणाले. दाणे भरडले, द्रवात घुसळले, पांढऱ्या भुकटीच्या नळीतून अर्क हळूहळू गाळला. मग पहिलं यंत्र. डोळ्याला न दिसणारा, जांभळ्याच्याही पलीकडचा उजेड अर्कातून सोडायचा आणि किती गिळला गेला ते बघायचं. औषध असलं की ते ठरावीक ठिकाणी उजेड गिळतं.

दोन्ही पिशव्यांनी गिळला, मामा. काळ्या धाग्यानंही आणि पांढऱ्या धाग्यानंही.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, दोन्हीत दिसतंय, साठा नष्ट करा म्हणून कळवून टाकू. त्यांचंही चुकत नव्हतं. लेकरांच्या जिवाचा प्रश्न, त्यात धोका कोण घेईल? पण साठा नष्ट म्हणजे पेव बुजवणं. म्हणजे गावाच्या पोटाचा उरलेला आधार मातीत, आणि तुम्ही जन्मभर लेकरांना औषध चारणारा माणूस. खडीवरून संध्याकाळी घरी येणाऱ्या बायकांच्या चुली माझ्या डोळ्यांसमोर आल्या. सरकारनं वाटायची सुकडी तेव्हा सगळीकडं पोचलेली नव्हती.

मी म्हटलं, साहेब, पेवात ज्वारी भरताना कडुलिंबाचा पाला घालतात. थराथरानं घालतात, मी स्वतः घातलाय. त्या पाल्याचा अर्कही ह्याच जागी उजेड गिळत असेल. हे यंत्र चुगलखोर आहे, कुणाचंही नाव कुणावर ढकलतं. दुसऱ्या यंत्राला विचारू.

दुसरं यंत्र शेजारच्या इमारतीत होतं, लालच्याही अलीकडच्या, न दिसणाऱ्या, उबेच्या उजेडाचं. ते थोडक्यात बोलत नाही. त्याला अर्क जास्त लागतो, आटवून दाट करावा लागतो, आणि अगदी कणभर औषध असलं तर त्याला दिसतही नाही. पण जे दिसतं ते नावानिशी सांगतं. एक पेन कागदावर संथ रेघ काढत जातो आणि रेघेत दऱ्या पडतात. प्रत्येक पदार्थाच्या दऱ्या ठरलेल्या, माणसाच्या अंगठ्यागत. पहिलं यंत्र बारीक नजरेचं पण बडबडं, दुसरं जाड नजरेचं पण शब्दाचं पक्कं. दोघांची साक्ष मिळून काहीतरी खरं हाती लागतं, एकट्याची नाही. तुम्हाला हे मी किती वेळा समजावलं असेल. तुम्ही दर वेळी मान डोलावून म्हणायचात, मंजे नवरा-बायकोगत.

साहेबांनी पेन्सिल माझ्या हातात दिली नाही. स्वतः बसले. आधी शुद्ध पावडरीची रेघ काढून घेतली. मग काळा धागा. मग पांढरा. कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, मागून ऊन येत होतं. काळ्या धाग्याच्या दऱ्या पावडरीच्या दऱ्यांवर जशाच्या तशा बसल्या. पांढऱ्याच्या बसल्या नाहीत. जिथं दरी हवी तिथं नुसतं सपाट रान.

मला नाचावंसं वाटलं. पण साहेबांच्या आधी माझ्याच मनात आलं, यंत्राला दिसलंच नसेल तर? मग आम्ही पांढऱ्या धाग्याच्या अर्कात मुद्दाम चिमटीतली चिमटी पावडर घातली, दाण्यात मिसळली असती तर जेवढी उतरली असती त्याहून कमी, आणि पुन्हा रेघ काढली. दऱ्या लगेच उमटल्या. म्हणजे यंत्र जागं होतं. म्हणजे आधी खरोखरच काही नव्हतं. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, जा, सांग त्या बाईला.

आता ऐका मामा, कारण हा भाग मी तुम्हाला नीट कधी सांगितलाच नाही. निकाल माझ्या हातात होता, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. कोणता धागा पेवाचा, ते मला कुठं माहीत होतं? तुमचंच कर्तृत्व. व्हरांड्यात तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. काळा धागा पेवाचा निघाला असता तर मी स्वतःच्या हातानं तुम्हाला गाडलं असतं.

म्हटलं, "बाई, पांढऱ्या धाग्यात काही नाही. काळ्यात औषध आहे."

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मामा, ती खोटं बोलू शकत होती. धागे तिचे, खूण तिची, साक्षीदार एक तो घोरणारा दीर. तिनं म्हटलं असतं काळा पेवाचा, तर कोण काय करणार होतं?

"पांढरा पेवाचा," ती म्हणाली. "काळा माझ्या घरचा. पोतं म्याच झटकलं व्हतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सोसायटीत पावडर तागाच्या पोत्यातून यायची. रिकामं पोतं फेकायचं आपल्याकडं कुणाच्या मनातही येत नाही. बऱ्या वर्षात बाया ती पोती ओढ्यावर नेऊन धोपटून, खळखळून धुवायच्या आणि मग धान्याला वापरायच्या. त्या वर्षी ओढ्याला पाणी कुठलं? प्यायचा हंडा कोसावरून आणायचा, त्यातलं पोत्याला कोण घालणार? म्हणून गयाबाईनं पोतं दगडावर आपटलं, झटकलं, दिवसभर उन्हात टाकलं. पांढरं काही दिसेना झालं तेव्हा त्यात पेवातली ज्वारी भरून घेतली. ताग आतून पावडर धरून बसला होता.

मी तिथंच फरशीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले. तुम्ही सुटलात, पेव सुटलं, एवढंच डोक्यात. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि खरं सांगते, लग्नातसुद्धा वाटलं नाही. गयाबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मंजे बाकीच्यांची लेकरं? पोती तर लई जनांनी नेल्यात." माझं रडं तिथंच थांबलं. आम्ही पळत तारघरात गेलो. पोत्यातली ज्वारी खाऊ नका, पेवातली निर्मळ आहे, अशी तार गेली, आणि मागच्या एसटीनं आम्ही तिघं.

तार वेळेत पोचली. आणखी दोन घरांत पोती भरून ठेवली होती, अजून दळणाला काढली नव्हती. दुसरं लेकरू आजारी पडलं नाही. छबी दवाखान्यात उठून बसली होती आणि शेंगा मागत होती. मामा, हे सांगतानासुद्धा माझा श्वास सुटतो.

पेवापाशी गाव जमलं. गयाबाई पुढं होऊन सांगायला लागली की चूक माझी. तुम्ही तिला बोलूच दिलं नाहीत. म्हणालात, "पोती सोसायटीची. म्या वाटली, फुकट वाटली, वर लई पुण्य केल्यागत वाटली. इचार माझा कमी पडला." आणि विळा मागवलात. खोलीतली उरलेली पोती एकेक करून तिथंच टराटरा फाडलीत. त्यानंतर पावडरीचं पोतं रिकामं झालं की तुम्ही ते फाडल्याशिवाय खोलीबाहेर जाऊ दिलं नाहीत. पोरांनी तुमचं नाव पोतंफाडे मामा ठेवलं. शेजारच्या सोसायट्यांतून लोक चेष्टा करायला यायचे आणि जाताना गुपचूप तसंच करायला लागायचे. तुम्हाला त्या नावाचा राग यायचा असं तुम्ही दाखवायचात. मामीला विचारा, आतून किती खूश होतात.

पण त्या दिवशी पेव उघडलं तरी पुढं कुणी येईना. साहेबांची सही एक आणि पोटच्या लेकराचा घास वेगळा. तुम्ही रीतीप्रमाणे माप भरलंत, जमिनीवर ठेवलंत आणि चार पावलं मागं सरलात, म्हणजे घेणाऱ्याला तुमच्या हाताचा स्पर्श नको. ती रीत मी लहानपणापासून बघत आले होते आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तुम्ही मात्र म्हणायचात, नंदे, दाणा पोचला पायजे, राग नंतर.

गयाबाई मापापाशी आली. वाकली नाही. पदर पसरून तुमच्यासमोर उभी राहिली.

"हातानं घाला, सेक्रेटरी."

तुम्ही घातलीत. माप रिकामं झालं तरी तुम्ही ते तसंच धरून उभे होतात, मी पाहिलंय, दमा होता वगैरे आता सांगू नका. मग रांग लागली. सगळ्यांनी पदर पसरले असं नाही, काहींनी माप खालूनच उचललं. पण त्या दिवसापासून तुम्ही मागं सरणं सोडलंत.

आणि त्या दिवसापासूनच आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं असं की पहिल्या यंत्रानं संशय दाखवला तेव्हाच पेव बुजवायला हवं होतं. नाव गेलं असतं तर गेलं असतं. "पयला कंदील इझला की उतरायचं न्हाय नंदे. लेकरांचा जीव हाय." माझं म्हणणं, पहिल्यातलं तेल संपलं असेल, वात खाली गेली असेल, दुसरा कंदील सोडून बघायला काय जातं? उपाशी लेकरांचा जीव म्हणजे जीव नव्हे का? मग तुम्ही म्हणायचात, दुसरा बी खोटं बोलला असता तर? मी म्हणायचे, म्हणून तर त्यात पावडर घालून त्याचीही परीक्षा घेतली. मग चहा. दर सुट्टीत हेच. मामी म्हणायची, ह्या दोघांना दुसरं काही बोलता येत नाही का?

तुम्ही एक प्रश्न मात्र कधी विचारला नाहीत. काळा धागा पेवाचा निघाला असता, तर तू तसंच लिहिलं असतंस का? मी वाट बघायचे, आज विचारतील, उद्या विचारतील. उत्तर तयार होतं. लिहिलं असतं मामा. रडत लिहिलं असतं, पण लिहिलं असतं. आता वाटतं, तुम्ही विचारलं नाहीत कारण तुम्हाला ते माहीत होतं. माहीत नसतं तर पिशव्या दुसऱ्या शहरात धाडल्या असत्यात.

गेल्या आठवड्यात तुम्ही ओसरीवर बसल्या जागी गेलात. दम्यानं त्या दिवशी त्रास दिला नाही, मामीनं दिलेला चहा संपवला होतात, कप सरळ ठेवला होता. मला कळलं तेव्हा आधी रडू आलं आणि मागोमाग सुटल्यासारखं वाटलं. कितीतरी वर्षं मला भीती होती की तुम्ही तडफडत जाल. नाही गेलात. ह्याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते तुम्ही शिकवलं नाहीत, म्हणून मामीचेच मानले.

येताना एसटीत हा कंदील मांडीवर होता आणि अचानक लक्षात आलं. पहिल्या संशयाला तुम्ही काय केलं होतंत? पेवावर दगड ओढून त्यावर जाऊन बसला होतात. गयाबाईनं पिशवीपुरते दाणे काढले तेवढं सोडलं तर निकाल येईपर्यंत उठला नाहीत, मामी तिथंच भाकरी आणून द्यायची. म्हणजे तुम्ही तुमचा नियम पाळलाच होता, कुणाला उतरू दिलं नव्हतं. तुम्ही दगडावर बसलात म्हणून मला दुसरा कंदील सोडायला वेळ मिळाला. इतकी वर्षं आपण भांडलो ते एकाच दोरीच्या दोन टोकांना धरून. हे मला आधी सुचलं असतं तर तुम्हाला चहा प्यायला कारण उरलं नसतं, तेव्हा नाही सुचलं ते बरंच झालं. कंदील आता माझ्या टेबलावर राहील. नवीन पोरं कामाला येतात त्यांना सांगेन, पहिला विझला की कुणी उतरायचं नाही, आणि दुसरा सोडल्याशिवाय घरीही जायचं नाही.

एक राहिलं. तुमच्या जलदानाच्या विधीला गयाबाई आली होती. सोबत छबी, सासरहून आलेली, कडेवर लेकरू. तेही शेंगाच मागत होतं. आलेल्या माणसांच्या जेवणासाठी त्यांनी ज्वारी आणली होती, कोऱ्या करकरीत पोत्यात, आणि पोत्याच्या तोंडाला लोकरीचा पांढरा धागा. गयाबाई मला म्हणाली, "पेवातली हाय. तुला तपासायची आसंल तर बघ."

मामा, मी बाजारची मिरचीसुद्धा वास घेतल्याशिवाय घरात आणत नाही. मी धागा सोडला, मूठभर दाणे तसेच तोंडात टाकले, आणि बाकीचे तिच्या हातातल्या सुपात ओतले.